बेचाळीस छप्पन्न दोनशे तेहतीस

पुणे ३७
६ जानेवारी २००३

चि. पुनी,

आईचा जय भीम, आणि दुरून का होईना, डोक्यावरून हात.

कामाचं आधी सांगते. नाहीतर मी पाल्हाळ लावते आणि मुद्दा पिशवीच्या तळाशी राहतो, असं तूच म्हणायचीस. आपल्या फोनच्या नंबराआधी आता २ लागला आहे. आपल्याच नाही, सगळ्या पुण्याच्या. नुसता ४२५६२३३ लावलास तर एक बाई येते आणि नंबर तपासून पाहा म्हणते. तिच्यावर रागावू नको, ती टेपवरची आहे. मी दोनदा तिला "अहो, पण ऐका तर" म्हणाले, तेव्हा आनंद हसला. तर आधी २ लाव आणि मग आपला नेहमीचा.

तू लावत असशील, ती बाई येत असेल, आणि म्हणून तुझा फोन नाही, असं मी धरून चालले आहे. आनंद म्हणतो, "आई, दोन आत्ता लागला. त्याआधी कोण आडवं आलं होतं?" तुझा भाऊ लहानपणापासून असाच. दुधात मिठाचा खडा.

हा नंबर घरात आला तेव्हाचं तुला आठवतं? वर्षानुवर्षं नाव नोंदवून ठेवलेलं, आणि तू बारावीला असताना एकदम वायरमन दारात. शेजारच्या सगळ्या बायका काळं यंत्र बघायला आल्या होत्या आणि ते निघालं लाल. तू नंबर पाहिलास आणि म्हणालीस, "आई, हा तुटतो का बघ." झालं. तुझ्या बाबांनी कपाळाला हात लावला. "लोकांच्या घरी फोन आला की पेढे वाटतात. आमच्याकडे भागाकार."

मी चौथी शिकलेली बाई. पण तू मला गणित अशा वेळी दिलंस की ते माझ्याच हातातलं वाटलं. भुसार बाजारात धान्य निवडून माझी बोटं झिजलेली. चाळण मारली की माती-चुरा खाली जातो आणि दाणा वर राहतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तू म्हणालीस, संख्यांनाही चाळण मारतात. आधी दोनची, मग तीनची, मग पाचची, सातची. जिला कुणाच्याच भोकातून जाता येत नाही, ती मूळ संख्या. मी कॅलेंडरच्या पाठीमागे चाळत बसले. चाळता चाळता चांगली रास जमली. मग त्या एकेकीने आपल्या नंबराला भागायचं. सातने भागलं तर दोन उरले. अकराने तीन. तेराने सात. एकदा मी ७३ ने भाग गेला म्हणून रडवेली झाले, तर हातचा धरायचा राहिला होता. तू सांगितलंस, "वर्गमूळापर्यंतच जा, पुढे जायची गरज नाही." शेवटचा भाजक २०६३. त्याला त्यानेच गुणलं की ४२५५९६९. बाकी उरली २६४. म्हणजे नंबर कशानेही तुटत नाही. त्या दिवशी मी गव्हाची खीर केली होती.

बाबा खीर खाता खाता म्हणाले, "टेलिफोनवाल्यांनी न फुटणारा नंबर दिला म्हणायचा. छान. घर फुटलं तरी नंबर शाबूत."

आता त्याला दोन लागला. मी आकड्यांची बेरीज केली, सत्तावीस आली, आणि मला धस्स झालं. तीनने भाग जातो. जे येतं त्याला पुन्हा तीनने जातो. त्यालाही पुन्हा जातो. उरतात ८९८३७९. आपल्या घट्ट लाडवाचा एका दोनने भुगा केला बघ.

बाबा बरे आहेत. बोलणं कमी झालं आहे. थंडी यंदा बरी पडली. दोन लावायला विसरू नको.

तुझी आई


पुणे ३७
२७ मार्च २००३

चि. पुनी,

माझं जानेवारीचं पत्र काल परत आलं. पाकिटावर इंग्रजीत शिक्का आहे. पोस्टमन म्हणाला, "मावशी, ह्या पत्त्यावर ह्या नावाचं कुणी राहत नाही." मी म्हणाले, "बरोबर आहे, लग्न झालंय तिचं, नाव बदललं असेल." तो बिचारा पाकीट देऊन पुढच्या दाराला गेला. तुझी कंपनी बुडाली, तुझा ईमेलही कंपनीचाच होता, हे आनंदकडून कळलं. दुसरा पत्ता नाही, म्हणून हेही त्याच पत्त्यावर घालते. आडात आहे की नाही माहीत नाही, तरी पोहरा सोडते आहे.

मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. पत्र परत आलं तेव्हा पहिला विचार तोच आला, की बरं झालं, तेवढं खोटं तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

दिवाळीत त्यांना अर्धांगवायू झाला. अभ्यंगस्नानाला उठले आणि मोरीतच बसले. उजवी बाजू गेली. पाय थोडा वळला परत, हात नाही. आणि बोलणं गेलं. पूर्ण नाही. एवढंच राहिलं: "बेचाळीस छप्पन्न दोनशे तेहतीस."

तुला त्यांची सवय माहीत आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पाच फोन असायचे, म्हणून उचलला की हॅलो न म्हणता नंबर सांगायचा. कुठला वाजला ते समोरच्यालाही कळावं आणि शेजारच्या टेबलालाही. घरी आल्यावरही तेच. तुझ्या मैत्रिणी घाबरायच्या. रुपाली म्हणायची, "काका फोन उचलत नाहीत, कोर्टात पुकारा करतात." तेवढा पुकारा जिभेवर घट्ट बसला होता. बाकीचं सगळं वाहून गेलं आणि तो दगड राहिला.

डॉक्टर तरुण आहे, समजूतदार आहे. म्हणाला, "त्यांना सगळं समजतं आहे, आजी. शब्द सापडत नाहीत. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं कधी कधी आपोआप येतं." मी विचारलं, "मग ह्यांना दुसरं काही म्हणायचं असेल तर?" तो म्हणाला, "तेही त्यातच म्हणतील."

आणि खरंच म्हणतात गं. पाणी हवं असेल तर "बेचाळीस छप्पन्न" असं हळू, शेवट उचलून. आमटी खारट झाली की "दोनशे तेहतीस!" असं, जसं ते पूर्वी "वा, समुद्र घरी आणला" म्हणायचे तसं. मी पदर तोंडाला लावून हसते आणि मग मोरीत जाऊन रडते. मला आता त्या आकड्यांच्या चाली पाठ झाल्या आहेत. आनंदला कळत नाहीत. तो म्हणतो, "बाबा, पुरे ना."

दोन मात्र ते कधीच म्हणत नाहीत. दोन लागला तोवर त्यांची कवाडं बंद झाली होती. त्यामुळे त्यांच्या तोंडात नंबर अजून अखंडच आहे.

तुझ्या त्या शेवटच्या फोनचा विषय मी आजवर काढला नाही. तू लग्न झाल्यावर सांगितलंस, ते त्यांना लागलं. पोरगा कुठला, काय, ह्याचं नाही. ते म्हणाले ते मी दारातून ऐकलं: "विचारायचं नव्हतं तर सांगायचा खर्च कशाला केलात? हा नंबर विसरून जा." तू "बरं" म्हणालीस असं वाटतं, कारण ते नंतर खूप वेळ रिसीव्हर हातात धरून "बरं म्हणते" एवढंच म्हणत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तुझाही नाही, त्यांचाही नाही. विसर म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात आता तेवढाच उरला आहे, हे तुला समोर बसून सांगायचं होतं.

मी फोन त्यांच्या उशाशी स्टुलावर आणून ठेवला आहे. डावा हात त्यावर ठेवून पडतात. मांजरावर ठेवतात तसा. बरं वाटतं त्यांना.

तुझी आई


पुणे ३७
१६ मे २००३, वैशाखी पौर्णिमा

चि. पुनी,

आज तुझा तिथीने वाढदिवस. सकाळी विहारात जाऊन आले, खीरदान केलं. मार्चचं पत्रही परत आलं. आता मी पत्रं परत यायची वाट पाहते, म्हणजे निदान काहीतरी तिकडून येतं.

आज मला आनंद झालेला आहे आणि तो सांगायला कुणी नाही, म्हणून लिहिते. सापडले.

तू विमानतळावर जाताना मला शेवटचं गणित घालून गेलीस. बाबा हमालाशी हुज्जत घालत होते. "आई, आपल्या नंबराला चारने भागलं की एक उरतो. मूळ संख्या असेल आणि एक उरत असेल, तर ती दोन वर्गांची बेरीज असतेच. आणि एकाच जोडीने, दुसरी जोडी नाही. तोडता येत नाही, पण जोडता येते. शोध. सापडली की मला फोन कर." मी म्हणाले, "आणि नाही सापडली तर?" तू म्हणालीस, "तरी कर."

मग तुझा नंबरच माझ्याकडे राहिला नाही.

बाबांच्या उशाशी बसून मी पुन्हा चाळण काढली. वर्गाचा शेवट ०, १, ४, ५, ६, ९ एवढ्यावरच होतो. आपल्याला शेवटी तीन हवा, म्हणजे एक वर्ग चारवर संपणारा आणि दुसरा नऊवर. म्हणजे एक आकडा २ किंवा ८ वर संपणारा, दुसरा ३ किंवा ७ वर. अर्धी रास तिथेच गळली. मग सम आकडा चारच्या पटीतलाच लागतो, हे करता करता कळलं. आणखी गळली. उरलेले एकेक निवडत गेले, तुरीतून खडे निवडावेत तसे. एकदा १४८८ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढायला गेले, तर १४२९ अगदी दाराशी आले. बेरीज केली, तर अठ्ठेचाळीस कमी. मला इतका राग आला की मी म्हणाले, "एवढं आलात तर थोडं पुढे यायला काय झालं होतं?" बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

आणि काल १५८८ घेतला. त्याचा वर्ग नंबरातून वजा केला. उरले १७३४४८९. वर्गमूळ काढलं. १३१७. बाकी शून्य.

मी बाबांना कागद दाखवला. "अहो, पाहा. तेराशे सतरा आणि पंधराशे अठ्ठ्याऐंशी. तुमच्या लेकीने सांगितलं होतं तसंच निघालं." त्यांनी डाव्या हाताचं बोट दोन्ही आकड्यांवरून फिरवलं. मग रडले. आता ते लवकर रडतात.

सोमवारपासून तर जास्तच. सोमवारी मी टेलिफोन ऑफिसात गेले होते. आनंदने मांजरी गावात फ्लॅट घेतला आहे. तिकडे त्याच्या कंपनीची बस येते, लिफ्ट आहे, बाबांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणता येईल. चूक काही नाही त्याची. पण मांजरीचं एक्सचेंज वेगळं, नंबर बदलणार. मी त्याला म्हणाले, नंबर तोच मिळाला तर येते. तो म्हणाला, "आई, नंबर म्हणजे काय सातबारा आहे का?" म्हणून मी स्वतः गेले. खिडकीतल्या साहेबांना म्हणाले, "आमची मुलगी परदेशात आहे, तिला हाच नंबर माहीत आहे." ते म्हणाले, "मग तिला नवीन कळवा." मी म्हणाले, "तेच तर." त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

परत आले तर शेजारच्या कांताबाई दारात. म्हणाल्या, "फोन वाजला बहुतेक, आणि मग तुमचे मालक केव्हाचे ओरडतायत." आत पाहते तर रिसीव्हर खाली लोंबतोय, आणि बाबा त्याच्याकडे बघून नंबर म्हणताहेत. पुन्हा पुन्हा. घसा बसला होता. मी रिसीव्हर कानाला लावला, नुसता टूं टूं आवाज. कुणाचा तरी चुकून लागला असेल, नाहीतर आनंदचा. आनंदला विचारलं, त्याने केला नव्हता. मी त्यांना जवळ घेऊन म्हणाले, "चुकीचा नंबर होता हो. लोक दोन लावतात आणि मग गडबडतात." ते मानेने नाही नाही म्हणत होते. मला वाटलं, दुखतंय.

तेव्हापासून जेवत नाहीत धड. डॉक्टर म्हणतो, उन्हाळा आहे.

तर सापडले, एवढंच. तू असशील तिथे कुणीतरी खीर करून दे तुला.

तुझी आई


पुणे ३७
९ ऑगस्ट २००३

चि. पुनी,

तुझे बाबा काल गेले. दुपारी, झोपेत. पेज दोन चमचे घेतली होती.

येरवड्याचे मामा आले होते, भन्तेजी आले होते. आनंदने सगळं नीट केलं.

पेपरात छोटं निवेदन दिलं आहे, हिंमतराव सोनवणे, वय अडुसष्ट. खाली संपर्क म्हणून नंबर छापला आहे. दोन लावून.

पत्र त्याच पत्त्यावर टाकते.

आई


पुणे ३७
१९ ऑक्टोबर २००३, रविवार

पुनी,

काल संध्याकाळी रुपाली आली होती. बंगलोरहून आता हिंजवडीला बदली घेतली तिने. तीच रुपाली, दारातच चप्पल काढता काढता "काकू, चहात आलं टाका, बंगलोरला नुसतं गरम पाणी पितात" म्हणणारी. मी आलं ठेचायला घेतलं आणि ती आत गेली. भिंतीवर बाबांचा फोटो दिसला तिला.

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"काय झालं होतं?"

मी चहा गाळत होते. म्हणाले, "झोपेत गेले."

तिने कप न उचलताच बाजूला सारला. मग म्हणाली, "काकू, पूर्णिमा माझ्याशी बोलते. कंप्युटरवर भेटली मला, सहा-सात महिने झाले. तिने सांगितलं होतं, घरी कुणाला सांगू नको. पण आता हे बघून मी कशी गप्प बसू?" तू कॅलिफोर्नियाला आहेस, नोकरी आहे, मूल होणार आहे, हे मला कालच्या चहाबरोबर कळलं. मी रुपालीच्या तोंडात साखर घातली. खरंच घातली, डब्यातली, चिमूटभर. ती हसली आणि रडली.

मग तिने ते सांगितलं.

"तिने फोन केला होता, काकू. मेमध्ये. मूल राहिल्याचं कळलं त्या रात्री तिला राहवलं नाही. आधी जुनाच नंबर लावला, ती टेपवाली बाई आली. मग मी सांगितलेलं तिला आठवलं, दोन लावायचा. लागला. काकांनी उचलला. नेहमीसारखा नंबर सांगितला. ती म्हणाली, बाबा, मी पुनी. ते पुन्हा नंबर म्हणाले. ती म्हणाली, बाबा, ऐका ना, मला तुम्हाला काही सांगायचंय. तर ते मोठ्याने नंबरच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, ओरडून. तिला वाटलं, अजून तेच चाललंय. विसर म्हणाले होते तो नंबर तोंडावर फेकून मारतायत. तिने ठेवला. मला म्हणाली, आता मी तो नंबर खरंच पुसला."

कप माझ्या हातातून पडला नाही. मी तो मोरीत नेऊन विसळला. दोनदा विसळला.

मी काही बोलले नाही, पुनी. अर्धांगवायूचं अक्षर काढलं नाही. रुपालीला माहीत नाही, बाबा कसे होते ते. तिला वाटतं, ते होते तसेच होते आणि एक दिवस झोपेत गेले.

जाताना ती म्हणाली, "मी तिला सांगेन काका गेल्याचं. पण ती एकच विचारेल, मला माहितीये. बाबा शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का?" मी म्हणाले, "सोमवारी ये. मी लिहून ठेवते."

म्हणून आज बसले आहे. तुला लिहिलेली, परत आलेली सगळी पत्रं समोर आहेत. ऑगस्टचंही आलं. एका पाकिटात सगळी घालून रुपालीला दिली की आठवड्यात तुझ्या हातात पडतील. मग तुला कळेल, ते तुला झिडकारत नव्हते. ते हाका मारत होते. माणसाकडे एवढीच ओंजळ उरली होती आणि ती सगळी त्यांनी तुझ्यापुढे ओतली. "बाबा, मी पुनी" म्हटल्यावर जो दुसऱ्यांदा नंबर आला, तो कुठल्या चालीवर आला असेल, हे ह्या पृथ्वीवर मी एकटी सांगू शकते. "आलीस?" असा आला असेल. आणि तिसरा "ठेवू नको" असा.

सकाळपासून मी हे तराजूत घालते आहे. भुसार बाजारात आयुष्य गेलं, पारडं कुठे झुकतं ते हाताला कळतं.

बापाने झिडकारलं, हे ओझं तू उचललेलं आहेस. मला ठाऊक आहे ते किती जड आहे. पण रागावलेल्या बापावर उलट रागावता येतं. राग धरून माणूस उभं राहतं, काठीसारखा. तू उभी आहेसच की. नोकरी केलीस, संसार केलास, मूल होतं आहे.

आणि हे दुसरं? बाप मला बोलावत होता आणि मी फोन ठेवला. त्याला धरायला काही नाही, पुनी. कुणावर रागावशील? आठवा महिना असेल तुला. ते मूल रडायला लागलं, त्याला शब्द नसले, की प्रत्येक वेळी तुला काय ऐकू येईल? मी आत्ताच ऐकते आहे. काल रात्रीपासून घरात दुसरं काही ऐकूच येत नाही.

फोन त्यांच्या उशाशी मीच नेऊन ठेवला होता, बरं वाटावं म्हणून. तेवढं माझ्याकडे राहू दे.

आनंदला फोनचं माहीत नाही. त्याचं-तुझं बोलणं नाही. त्याच्याकडून तुला बाबांचं आजारपण कळायचं नाही, आणि मी त्याला तसं बजावणार आहे. विचारेल का म्हणून. सांगेन, आईने सांगितलं म्हणून.

माझं चुकत असेल. भावना बाजूला ठेवून सुटावं असं हे गणित नाही, आणि मला पडताळा घ्यायला कुणी नाही. एरवी तुला विचारलं असतं.

गुरुवारी मांजरीला जायचं आहे. बुधवारी वायरमन येऊन यंत्र काढून नेणार. नंबर सोडून दिला की काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात म्हणे. बसल्या बसल्या मी दोन लावलेल्या नंबराचेही वर्ग शोधून पाहिले. वेडेपणा. पण हात थांबेना. आणि हळूहळू कळलं की मिळणारच नाहीत. वर्गाला तीनने भागलं तर शून्य उरतो नाहीतर एक. दोन वर्गांची बेरीज तीनने तुटायची तर दोघेही तीनचेच हवेत. मग बेरजेतून नऊ सरळ बाहेर काढता येतो. नऊ काढला, उरले २६९५१३७. तेही तीनने तुटतात, म्हणून पुन्हा नऊ काढायला गेले. निघत नाही. म्हणजे अशी जोडीच नाही. आज नाही सापडत असं नाही. नाहीच. सगळं पुणं उलथून शोधलं तरी.

दोन लागायच्या आधी लावला असतास तर, असं मनात येतं. तर काय, ते मला पुढे लिहिता येत नाही.

ही सगळी पत्रं मी मांजरीच्या विहिरीत नाही टाकणार, चुलीत नाही घालणार. जुन्या चाळणीत बांधून ठेवीन. माझ्या मागे आनंदच्या हाती लागली तर त्याने काय करायचं ते तो ठरवील. तोवर तुझं मूल मोठं झालेलं असेल आणि तुला धरायला त्याचा हात असेल.

रुपालीसाठी वेगळा कागद केला आहे. त्यातलं खाली उतरवून ठेवते, म्हणजे मी तुला नेमकं काय सांगितलं ते मला आठवत राहील.

"चि. पूर्णिमा, अनेक आशीर्वाद. बाळंतपणात डिंकाचे लाडू खा, तिकडे मिळत नसतील तर रुपालीबरोबर पाठवते. बाबा शांतपणे गेले. शेवटी काही बोलले नाहीत. तू घातलेलं गणित सुटलं. १३१७ चा वर्ग आणि १५८८ चा वर्ग. तू म्हणाली होतीस तसंच, एकच जोडी. फोन करायचा राहिला. — आई"